साधं लिखाण

बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
खाली लाद्या फुटतात, वर टेबल हलतं.
जुना सर्व्हर एकतीस मार्चला बंद होणार,
त्याआधी मच्छीमार सोसायटीची अकरा वर्षांची पत्रं
नव्या पेटीत न्यायची आहेत मला,
काळ्या पडद्यावरून, माऊसला हात न लावता.

आदेश चार ओळींचा.
फाइल उघड, नळीत सोड, पत्त्यावर पाठव.
सात हजार दोनशे पत्रं
वेंगुर्ल्याहून निघाली आणि पोचलीही,
भरती पुरी व्हायच्या आत.

इंग्रजी परिपत्रकं धड पोचली:
डिझेलचा परतावा, परवान्याचं नूतनीकरण.
मराठी पत्रांच्या मात्र
बिननावाच्या पुरचुंड्या झालेल्या,
वर शेरा: ऑक्टेट-स्ट्रीम.
म्हणजे बाइट आहेत. कसले, ठाऊक नाही.
पहिलंच काना-मात्रेचं अक्षर दिसल्यावर
यंत्र पुढे गेलंच नव्हतं.
हे लिखाण नसावं, असं ठरवून
गाठ मारून मोकळं झालं होतं.

जेटीवर असंच होतं.
टोपलीत काय आहे ते लिलावाआधी
कुणी मोठ्याने बोललं नाही
तर ती कुटीत जाते.
धोमा, मांदेली, वीतभर मोरीचं पिल्लू
एका ढिगात, फावड्याने,
खताच्या ट्रकमध्ये.

जुने सेक्रेटरी बस्त्यांव फर्नांडिस
डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बाकावर बसलेले.
निम्मी पत्रं त्यांनीच लिहिलेली, एका बोटाने.
त्यांना सगळं सांगितलं. नळी, पुरचुंडी, शेरा.
"ह्या काय ता आदी सांग," म्हणाले,
"मगे बर्फात घाल."

म्हणून प्रत्येक पत्राच्या माथ्यावर एक ओळ:
कंटेंट-टाइप, टेक्स्ट, तिरकी रेघ, प्लेन.
कॅरसेट लिहायचा राहिला पहिल्यांदा,
तर "सुरमई"च्या जागी
टोप्या घातलेले लॅटिन ए उभे,
परक्या बोटीवरच्या खलाशांसारखे, एका रांगेत.
मग अर्धविराम देऊन लिहिलं: यूटीएफ-आठ.
आणि खाली एक कोरी ओळ.
ती विसरलं तर मजकूर माथ्यातच चढतो,
हे चाळीस पत्रं नासल्यावर कळलं.

एकात नुसता फोटो होता, फाटलेल्या जाळ्याचा.
त्याला लिखाण म्हणून कसं चालेल?
त्याचा शेरा वेगळा, हाताने घातला.

संध्याकाळी मी वाचत गेले, ते ऐकत गेले.
"पर्ससीनवाले काल रात्री हद्दीच्या आत होते.
तीन नंबर टिपले आहेत. चौथ्याने दिवा विझवला."
"रापण ओढली. बत्तीस माणसं, दीड टोपली."
"साहेब, मागच्या पत्राचं उत्तर नाही.
त्याच्या मागच्याचंही नाही."
"असां लिवलंय मी?" त्यांनी विचारलं.
आणि जरा वेळाने, "बरां लिवलंय."

सात हजारांत एकावर आदेश अडला.
लवू गिरपच्या मुलाचं, मस्कतहून, पहिल्या बोटीवरून.
तेव्हा गावात मेल यायची ती इथेच.
विषय: पोचलंय.
आत काही नाही. एक अक्षर नाही, एक जागा नाही.
पडदा विचारत राहिला, प्रकार कोणता?

"तां मी सायकलीन नेऊन दिलंय त्येच्या आवशीक,"
बस्त्यांव म्हणाले. "कागद कोरो.
तिणा दोन्हीकडसून बघल्यान, आनी घडी घालून ठेवल्यान."

खाली लादी फुटली. टेबल हललं.
मी लिहिलं: टेक्स्ट, तिरकी रेघ, प्लेन,
यूटीएफ-आठ,
कोरी ओळ,
आणि त्याखाली जे होतं ते,
तसंच.